नीसहून एका दिवसात किती गावे पाहावीत? : वाचकांचे प्रवासविषयक प्रश्न

प्रश्न : मी व माझे पती दोघेही निवृत्त असून येत्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधील मुलाकडे जाणार आहोत. त्यातले चार दिवस आम्ही दोघेच नीस येथे राहू, कारण मुलाला तेव्हा रजा नाही. तेथून निघणाऱ्या दोन सहलींची माहिती मिळाली आहे. पहिली पूर्ण दिवसाची असून तिच्यात सेंट पॉल द व्हान्स, आंतिब, कान, नीस, एझ आणि मोनॅको अशी सहा ठिकाणे आहेत. दुसरी अर्ध्या दिवसाची असून तिच्यात फक्त एझ आणि मोनॅको आहे. दोन्हींच्या दरांत फार फरक नाही, त्यामुळे पहिलीच घ्यावी असे वाटते. यांचा उजवा गुडघा दुखतो आणि आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. कोणती सहल घ्यावी? की गाईडशिवायच फिरावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण अर्ध्या दिवसाची सहल घ्यावी आणि उरलेल्यांपैकी आंतिब व कान ही गावे दुसऱ्या दिवशी रेल्वेने, स्वतःच्या सवडीने पाहावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. दर जवळपास सारखा असताना सहा गावे सोडून दोन गावे घ्या, असे सांगणे प्रथमदर्शनी नुकसानीचे वाटेल, म्हणून हिशेब मांडतो. कान हे नीसच्या पश्चिमेला सुमारे ३३ किलोमीटरवर आहे आणि मोनॅको पूर्वेला सुमारे २० किलोमीटरवर. म्हणजे सहा गावांची सहल एका दिशेला जाऊन परत नीसमध्ये येते आणि मग उलट दिशेला जाते. किनाऱ्यावरची गर्दी, गाडी उभी करण्यासाठी जाणारा वेळ, जेवण आणि सगळ्यांना एकत्र गोळा करणे हे सारे वजा केले, तर आठ-साडेआठ तासांतून प्रत्येक गावाच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो.

मी स्वतः पहिल्यांदा गेलो तेव्हा सहा गावांचीच सहल घेतली होती. आंतिबला आम्हाला पस्तीस मिनिटे मिळाली. तेथे समुद्राच्या तटबंदीवर ग्रिमाल्दी घराण्याचा जुना किल्ला आहे. १९४६ साली पिकासोने त्या किल्ल्यात मुक्काम ठोकून चित्रे काढली आणि आज तेथे त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. आम्ही त्याच्या दारापर्यंत गेलो, आतल्या गारव्याची एक झुळूक अंगावर घेतली आणि घड्याळ पाहून परत फिरलो. कंपनीने कोणतीही फसवणूक केली नव्हती. जाहिरातीत लिहिलेले प्रत्येक गाव तिने दाखवले. मात्र त्या दिवशीची छायाचित्रे आज पाहिली की कोणता चौक कोणत्या गावचा, हे मला सांगता येत नाही. इतक्या दूर जाऊन, इतका खर्च करून आपल्या वाट्याला हे येऊ नये, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

आता गाईड आणि गाडी खरोखर कोठे लागते, ते पाहू. नीस आणि मोनॅको यांच्यामध्ये आल्प्सचे पाय थेट समुद्रात उतरतात आणि त्या उतारावर एकावर एक असे तीन रस्ते खोदलेले आहेत. त्यांना कोर्निश म्हणतात. खालचा रस्ता समुद्राच्या काठाने जातो, मधला कड्याच्या कमरेवरून आणि वरचा डोंगरमाथ्याजवळून. वरचा रस्ता नेपोलियनच्या हुकमाने बांधला गेला आणि तो बराचसा जुन्या रोमन मार्गाला धरून आहे. त्याच्यावरील ला तुर्बी या गावात इ. स. पूर्व ६ मध्ये सम्राट ऑगस्टसच्या आल्प्समधील विजयाचे स्मारक उभारले गेले आणि त्याचे पांढरे खांब खालच्या मोनॅकोतूनही दिसतात. हा घाट पाहणे हाच या सहलीचा गाभा आहे, असे मी मानतो. नीसहून पूर्वेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, आणि फ्रान्समध्ये वाहने उजवीकडून चालत असल्यामुळे आपली गाडी कड्याच्या बाजूनेच जाते. गाडीत बसताना उजवीकडची खिडकी मागून घ्यावी. वळणांचा त्रास होत असेल तर पुढची जागा मागावी आणि निघण्यापूर्वी पोटभर न्याहारी करू नये. चालक तिन्हींपैकी कोणत्या रस्त्याने जाणार, हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे. जाताना मधल्या किंवा वरच्या रस्त्याने आणि येताना खालच्या रस्त्याने, असा क्रम असेल तर उत्तम.

एझ हे जुने गाव समुद्रसपाटीपासून चारशेहून अधिक मीटर उंचीच्या सुळक्यावर वसलेले आहे. एझचे रेल्वे स्थानक मात्र पार खाली, समुद्राकाठी आहे. तेथे उतरणाऱ्याला बसची वाट पाहावी लागते किंवा दीड तासाची खडी चढण चढावी लागते. म्हणून या एका गावासाठी सहलीची गाडी फार उपयोगी पडते. गाडी वेशीपाशी थांबते आणि पुढे सगळ्या फरसबंद, चढत्या, अरुंद गल्ल्या आहेत. तेथे वाहन जात नाही आणि लिफ्टही नाही. टोकावर निवडुंगांची बाग आहे आणि तेथून दिसणारा समुद्र विसरता येत नाही. मात्र दगड गुळगुळीत झालेले आहेत आणि उतरताना गुडघ्यावर ताण येतो. आपल्या पतींनी काठी जरूर न्यावी, अर्ध्या वाटेपर्यंत जावे आणि तेथील कट्ट्यावर निवांत बसावे. बाग पाहण्यासाठी आपण एकट्याच वर गेलात तरी चालेल. सहल एझला किमान एक तास थांबते की नाही, याची खात्री करून घ्यावी.

एझच्या पायथ्याशी बहुतेक सहली अत्तराच्या कारखान्यात थांबतात. कानच्या वरच्या बाजूला असलेले ग्रास हे गाव पूर्वी चामडे कमावणाऱ्यांचे आणि हातमोजे शिवणाऱ्यांचे होते. चामड्याचा वास झाकण्यासाठी हातमोज्यांना सुगंध लावण्याची पद्धत आली आणि त्यातून तेथे अत्तराचा धंदा वाढला. ग्रास परिसरातील या कसबांची नोंद २०१८ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत केली. कारखाना पाहणे विनामूल्य असते आणि माहितीही चांगली देतात, पण फेरी दुकानात संपते. खरेदी करण्याचे कोणतेही बंधन नाही. तेथे किती मिनिटे जाणार, हे आधी विचारावे, कारण ती मिनिटे एझच्या किंवा मोनॅकोच्या वाट्यातूनच कापली जातात.

मोनॅकोबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हे वैभव आले कोठून, हे कळले तरच ते पाहण्यात अर्थ आहे. हा देश जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा आहे आणि व्हॅटिकन वगळता जगात याहून लहान देश नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो बराच मोठा होता. मेन्तों आणि रोकब्रून ही लिंबू आणि ऑलिव्ह पिकवणारी गावे त्याच्याच ताब्यात होती आणि त्यांच्या करांवर राज्याचा संसार चालत असे. ती गावे १८४८ मध्ये फुटून निघाली आणि १८६१ मध्ये फ्रान्सकडे गेली, तेव्हा राजाकडे एक खडक, एक बंदर आणि शेजारची ओसाड टेकडी एवढेच उरले. मोनॅकोचे तेव्हाचे राजे प्रिन्स चार्ल्स तिसरे यांनी १८६३ मध्ये फ्रांस्वा ब्लां या उद्योजकाला जुगारघर चालवण्याचा मक्ता दिला. त्या टेकडीला पुढे त्यांच्याच नावावरून मॉन्टे कार्लो, म्हणजे चार्ल्सचा डोंगर, असे नाव मिळाले. १८६८ मध्ये रेल्वे आली आणि पुढच्याच वर्षी नागरिकांचा प्राप्तिकर रद्द करता येईल इतके उत्पन्न जमू लागले. आज जी इमारत आपण पाहतो तिचा नाट्यगृहाचा भाग १८७९ मध्ये पूर्ण झाला आणि तो पॅरिसच्या ऑपेराचे वास्तुशिल्पी शार्ल गार्निए यांनी उभारला. मोनॅकोच्या स्वतःच्या नागरिकांना मात्र या जुगारघरात खेळण्यास बंदी आहे. गाईडने एवढा इतिहास सांगितला, तर त्या चौकातल्या महागड्या मोटारींकडे पाहण्याची आपली नजर बदलते. मला विचाराल तर गाईड घ्यायचा तो यासाठीच. जुगाराच्या दालनांत जायचे असल्यास वय १८ पूर्ण हवे आणि मूळ पासपोर्ट जवळ हवा. नुसती इमारत पाहायची असेल, तर दर्शनी दालन पाहिले तरी पुरेसे आहे.

सकाळची सहल घेतल्यास जुन्या मोनॅकोतील राजवाड्यासमोर ११ वाजून ५५ मिनिटांनी होणारा पहारेकऱ्यांचा बदल पाहता येतो, म्हणून दुपारच्या सहलीपेक्षा सकाळची निवडावी. जवळच्या कॅथेड्रलमध्ये पूर्वीच्या हॉलिवूड अभिनेत्री आणि मोनॅकोच्या राजपत्नी प्रिन्सेस ग्रेस यांची समाधी आहे. सप्टेंबर १९८२ मध्ये ला तुर्बीहून खाली उतरणाऱ्या वळणावर त्यांची मोटार दरीत कोसळली होती. गुडघ्याच्या दृष्टीने मोनॅको एझपेक्षा पुष्कळ सोपे आहे, कारण उतारावर वसलेल्या या शहरात ठिकठिकाणी सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने आहेत आणि गाड्यांच्या तळापासून जुन्या गावापर्यंतही त्यांनीच वर जाता येते. जमल्यास तेथेच सहलीचा निरोप घ्यावा, १९१० मध्ये उघडलेले समुद्रविज्ञान संग्रहालय आरामात पाहावे आणि रेल्वेने परत यावे. मोनॅको ते नीस हा प्रवास पंचवीस मिनिटांच्या आतबाहेरचा आहे. आपण परत येणार नाही, हे गाईडला आधी सांगायला विसरू नये, नाहीतर इतर प्रवासी ताटकळत बसतील.

पश्चिमेकडील आंतिब आणि कान ही गावे रेल्वेमार्गावर आणि सपाटीला आहेत. तेथे गाईडची गरज नाही. एका दिवशी सकाळी आंतिब करावे (पिकासो संग्रहालय सोमवारी बंद असते), दुपारनंतर कानला जावे आणि संध्याकाळी समुद्रकाठच्या रस्त्यावर फिरून परतावे. कानची कथाही सांगण्यासारखी आहे. १८३४ मध्ये लॉर्ड ब्रूम हे ब्रिटिश मुत्सद्दी नीसला निघाले होते. नीस तेव्हा फ्रान्समध्ये नव्हते, सार्डिनियाच्या राज्यात होते, आणि कॉलऱ्याच्या साथीमुळे व्हार नदीवरची सरहद्द बंद केलेली होती. अडकून पडलेले लॉर्ड कान नावाच्या कोळ्यांच्या खेड्यात उतरले, त्यांना ते आवडले, तेथेच त्यांनी बंगला बांधला आणि त्यांच्यामागून बाकीचे धनिक आले. नीस फ्रान्सला मिळाले ते १८६० मध्ये.

शाकाहाराची काळजी नीसमध्ये फारशी नाही, पण सावध राहावे लागते. जुन्या नीसमध्ये सोक्का नावाचा पदार्थ मिळतो. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ यांचे सरसरीत मिश्रण परातीएवढ्या रुंद तांब्याच्या थाळ्यात ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडा करपून कुरकुरीत होतात, मधला भाग मऊ राहतो. विकणारी बाई उलथन्याने त्याचे वेडेवाकडे तुकडे खरवडून कागदावर घालते आणि वर भरपूर मिरपूड भुरभुरते. पहिला घास घेताच आपल्या घरच्या बेसनाच्या धिरड्याची आठवण होते. थंड झाल्यावर त्यात मजा नाही, म्हणून भट्टीतून नवा थाळा निघेपर्यंत रांगेत थांबावे. कांद्याचा पातळ पाव दिसतो, त्याला पिसालादिएर म्हणतात. तो शाकाहारी वाटतो, पण त्यात खारवलेले अँचोव्ही मासे असतात. पां बान्या या भरलेल्या पावात आणि नीसच्या प्रसिद्ध सॅलडमध्येही मासे आणि अंडे असते. ‘सां प्वासों’, म्हणजे ‘मासे नकोत’, हे दोन शब्द पाठ करून ठेवावेत. मोनॅकोत बार्बाजुआं नावाची तळलेली, पालेभाजी आणि चीज भरलेली लहान करंजी मिळते. तिच्या पारीत अंडे असू शकते, तेव्हा विचारून घ्यावी.

एक गोष्ट राहिली. अशा लहान सहलींत गाडी चालवणारी व्यक्तीच बहुधा गाईडचे काम करते. फ्रान्समध्ये संग्रहालयांत आणि ऐतिहासिक वास्तूंत माहिती देत फिरवण्यासाठी अधिकृत परवानाधारक गाईडच लागतो. त्यामुळे आपला चालक एखाद्या दाराशी थांबून ‘आता तुम्ही आत जाऊन या’ म्हणाला, तर तो कामचुकारपणा समजू नये. आत माहिती देणारा कोणी हवा असेल, तर परवानाधारक गाईडची सहल निवडावी. सहलीत किती प्रवासी असतील आणि माहिती किती भाषांत दिली जाईल, हेही विचारावे, कारण दोन भाषांतून सांगितले की ऐकायला निम्मेच मिळते. आठ जणांची गाडी आणि एकच भाषा, ही जोडी मला सर्वांत समाधानाची वाटली.

प्रश्न : आम्ही पुण्याहून मराठी टूर मॅनेजर असलेल्या मोठ्या गटासोबत युरोपला जात आहोत. कार्यक्रमात ‘नीस, मोनॅको, कान : एक दिवस’ असे लिहिले आहे. हा दिवस नीट जाईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हे आपल्या कार्यक्रमपत्रिकेतील शब्दांवर अवलंबून आहे. ‘बसमधून दर्शन’, ‘बाहेरून दर्शन’ आणि ‘प्रवेश’ या तीन शब्दप्रयोगांचे अर्थ वेगळे आहेत आणि निघण्यापूर्वीच्या बैठकीत प्रत्येक ठिकाणासाठी ते स्पष्ट करून घेणे हा आपला हक्क आहे. मोठी बस असल्यास ती मोनॅकोत तळघरातील ठराविक तळावरच उभी राहते आणि तेथून वर चालत जाऊन परत येण्यात वेळ जातो. कार्यक्रमात कोठे मोकळा वेळ दिला असेल, तर तो मोनॅकोत मिळावा अशी विनंती सगळ्यांनी मिळून करावी. मराठीतून माहिती मिळणे आणि वेळेवर घरच्यासारखे जेवण मिळणे ही अशा गटाची मोठी सोय आहे. ज्येष्ठांसोबत प्रवास करणाऱ्यांनी तिला कमी लेखू नये.

प्रश्न : आमचे पर्यटक जहाज सकाळी आठ ते संध्याकाळी सहापर्यंत नीसशेजारच्या व्हीलफ्रांशला थांबणार आहे. जहाजाची महागडी सहल घ्यावी की आपले आपण मोनॅकोला जावे? (एक वाचक, दुबई)

उत्तर : व्हीलफ्रांशच्या खाडीत मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत, नांगर टाकून उभी राहतात आणि प्रवाशांना होड्यांतून किनाऱ्यावर आणतात. या होड्यांच्या रांगेत बराच वेळ जाऊ शकतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. किनाऱ्यावरून रेल्वे स्थानकापर्यंत चालत जाता येते आणि तेथून मोनॅको सुमारे पंधरा मिनिटांवर आहे. धडधाकट असाल आणि फक्त मोनॅकोच पाहायचे असेल, तर रेल्वेने जावे. एझही हवे असेल किंवा सोबत लहान मुले असतील, तर जहाजाची सहल घ्यावी, कारण तिला उशीर झाला तर जहाज थांबते. आपण स्वतंत्र गेलात आणि फ्रान्समध्ये वरचेवर होणारा रेल्वेचा संप त्याच दिवशी निघाला, तर ते आपल्यासाठी थांबणार नाही. स्वतंत्र जाणाऱ्यांनी परतीसाठी शेवटच्या होडीच्या किमान दोन तास आधी मोनॅको सोडावे.

प्रश्न : चित्रपट महोत्सवाच्या काळात, मे महिन्यात कानला गेलो तर काही पाहायला मिळेल का? आमच्या मुलीला फार हौस आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : महोत्सव चित्रपट व्यवसायातील लोकांसाठी असतो आणि मुख्य सभागृहाची तिकिटे सर्वसामान्यांना विकली जात नाहीत. सभागृहाच्या लाल गालिच्याच्या पायऱ्यांसमोर कठड्यामागे उभे राहून येणारी-जाणारी मंडळी पाहता येतात. रात्री वाळूवर पडदा लावून दाखवले जाणारे चित्रपट मात्र सर्वांना खुले असतात. मुलीला हौस आहे, तर तिला एवढे जरूर सांगावे की, युद्धामुळे १९३९ मध्ये राहून गेलेला हा महोत्सव १९४६ मध्ये प्रथम भरला तेव्हा सर्वोच्च पारितोषिक मिळालेल्या चित्रपटांत चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ होता, आणि २०२४ मध्ये ग्रां प्री हे दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक मिळवणाऱ्या पायल कपाडिया यांच्या चित्रपटातील परिचारिका मुंबईहून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जातात.

मात्र त्या पंधरवड्यात राहण्याचे दर अनेक पटींनी वाढलेले असतात आणि एक दिवसाच्या सहलींच्या गाड्यांना कानमध्ये थांबायला जागा मिळणे कठीण होते. मोनॅकोची मोटार शर्यतही २०२५ पर्यंत बहुधा मेअखेरीस होत असे आणि २०२६ पासून ती जूनच्या पहिल्या आठवड्याअखेरीस हलवण्यात आली आहे. शर्यत शहराच्या रस्त्यांवरूनच धावत असल्यामुळे आधीचे कित्येक आठवडे कठडे आणि प्रेक्षकांचे मांडव उभे राहिलेले असतात आणि बंदराचे दृश्य त्यांच्यामागे झाकले जाते. मुलीच्या शाळेची सुट्टी एप्रिलमध्येच सुरू होत असेल, तर त्याच महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात जावे. त्या दिवसांत पायऱ्यांसमोर गर्दी नसते, आणि समारंभासाठी त्या अडवलेल्या नसतील, तर मुलीला त्यांच्यावर उभे राहून स्वतःचे छायाचित्र काढून घेता येईल.